नजर बेसवर, कान ग्लोव्हकडे

बेसबॉलमध्ये फर्स्ट बेसवरच्या, म्हणजे बॅटरने धावत गाठायच्या पहिल्या टप्प्यावरच्या अंपायरचं निम्मं काम कानांचं असतं. नजर बेसवर, धावत येणाऱ्याच्या बुटावर; कान मात्र चेंडू ग्लोव्हमध्ये आपटतो त्या ‘थप्प’कडे. आवाज आधी आला तर आऊट, पाय आधी पडला तर सेफ. स्टेडियमच्या गोंगाटात ती थप्प टिपायची म्हणजे वरातीच्या बँडमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजण्यासारखंच.

२ जून २०१०, डेट्रॉईट. टायगर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अर्मांडो गालारागा याने क्लीव्हलँडचे ओळीने २६ बॅटर बाद केले होते. आणखी एक, की परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना! अमेरिकेतल्या मेजर लीगच्या इतक्या वर्षांत तोवर असे जेमतेम २० झालेले. सत्ताविसाव्याने चेंडू जमिनीलगत ढकलला, मिगेल काब्रेराने अडवून फेकला, गालारागाने बेसवर धावत येऊन झेलला. बॅटर चांगला पाऊलभर मागे. आणि अंपायर जिम जॉइसने दोन्ही हात फाकले. सेफ!

गालारागा नुसता हसला. डोळ्यांदेखत बस सुटल्यावर हसतो ना आपण, तसं. मग मुकाट्याने जाऊन त्याने पुढचा बॅटर बाद केला.

टीव्हीवर घराघरांत चूक दिसत होती. दिसत नव्हती ती फक्त ज्याला निकाल द्यायचा होता त्याला. तिकडे २००८ पासून रिप्ले होता, पण होमरनपुरताच, म्हणजे बेसबॉलच्या षटकारापुरताच. आपल्या सचिनला तर १९९२ सालीच डर्बनला तिसऱ्या पंचाने टीव्ही पाहून धावबाद दिलं होतं. असा बाद होणारा तो पहिलाच. (पुढे डीआरएसला आपल्याच बोर्डाने वर्षानुवर्षं नाकं मुरडली, तेव्हा फार मिरवायला नको.)

‘माणूस चुकणारच, त्यातच खेळाची गंमत’ असं रिप्लेचे विरोधक म्हणत. मला ते कधी पटलं नाही. गंमत प्रेक्षकांची, रात्रभर तळमळणार अंपायर! जॉइसने सामन्यानंतर रिप्ले पाहिला, चूक कबूल केली आणि गालारागाची रडत माफी मागितली. संघाच्या मॅनेजरला अशा निकालांना आव्हान देता येऊ लागलं ते २०१४ मध्ये. मला तर ती सोय खेळाडूंपेक्षा अंपायरांचीच वाटते.

दुसऱ्या दिवशी जॉइस होमप्लेटमागे उभा होता. टायगर्सची संघयादी घेऊन गालारागाच आला. जॉइसने डोळे पुसले, कागद घेतला, आणि सामना सुरू झाला. आदल्या दिवशीचा निकाल लीगचे कमिशनर बड सेलिग यांनी बदलला नाही. नोंदीत तिथे आजही एक हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, आहे.