सहा मिलिमीटर

कटरने सलग चौथ्यांदा स्टिकरची शीट न कापताच बाहेर ढकलली आणि रजिस्ट्रेशनच्या खुणा, म्हणजे कुठे कापायचे हे यंत्राला कळावे म्हणून शीटवर छापलेल्या काळ्या खुणा, सापडत नसल्याचा तोच संदेश पुन्हा उमटला.

या खुणा वाचणारा सेन्सर पुसून झाला होता, चकचकीत लॅमिनेशनवरून प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून काळ्या खुणांवर मॅट चिकटपट्टीही लावली होती. तरीही पहिली खूण वाचून यंत्र दुसरीपाशी अडत होते.

अखेर पट्टीने दोन खुणांमधले अंतर मोजले. फाइलमध्ये २०० मिलिमीटर होते, कागदावर १९४ भरले. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय सुरू राहिल्याने सगळे चित्र ९७ टक्क्यांवर आले होते आणि सेन्सर, ज्याला मी तासभर दोष देत होतो, तो खूण जिथे असायला हवी तिथेच ती शोधत होता.

कापण्याआधी तुम्ही हे अंतर मोजता का?