पाणी अडवायचं नाही, वाटेवरून घालवायचं

मागच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर अण्णांना माझे चिखलाने माखलेले बूट दिसले. "तिकडं जाऊनबी मातीतच का गं?" हो अण्णा, मातीतच. आणि मला ते फार आवडतं.

अमेरिकेत सिएटलला येऊन सहा वर्षं झाली. त्यातली चार वर्षं, महिन्यातून एक दिवस मी कॅस्केड डोंगरातल्या पायवाटांवर काम करते. १९६६ साली सुरू झालेल्या वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनकडे नाव नोंदवायचं आणि सकाळी ठरल्या जागी हजर व्हायचं. हेल्मेट आणि हत्यारं तेच देतात. डबा आपला, माझ्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते, ती आता गटातल्या सगळ्यांना माहीत झाली आहे.

हातात बहुतेक वेळा पुलास्की असते. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं पातं. अण्णांना दाखवली तर म्हणाले, "वाकस आणि कुऱ्हाड एकाच दांड्यावर." १९१० च्या मोठ्या वणव्यात खाणीच्या बोगद्यात नेऊन आपली बहुतेक माणसं वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचं नाव या हत्याराला आहे.

वाट पावलांनी झिजते असं मला वाटायचं. झिजते खरी, पण वाहून जाते ती पाण्याने. पावलं माती दाबतात, वाट मधोमध खोलगट होते, पाणी त्या खोलगटात शिरतं. वाट सरळ उताराच्या दिशेने असेल तर काही पावसाळ्यांत तिची घळ होते. मग लोक चिखल चुकवत कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, वाट आणखी रुंदावते. आपल्या शेताकडे जाणाऱ्या पाणंदीचं हेच झालंय. दोन्हीकडचे बांध उंच, मधे पाणंद खोल, आणि पाऊस झाला की काळ्या चिखलात बैलगाडी आसापर्यंत रुतलेली.

म्हणून इथे वाट डोंगराच्या कुशीतून, उताराला आडवी नेतात. चढ सरासरी शंभर मीटरला दहा मीटरच्या आत. शिवाय डोंगराचा उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाट जास्त चढती नको, नाहीतर पाणी वाट ओलांडत नाही, वाटच धरतं. वाटेची दरीकडची कड किंचित खाली ठेवतात, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर. चढत्या वाटेला अधूनमधून मुद्दाम थोडं उतरतं करतात, म्हणजे वरून आलेलं पाणी तिथे बाहेर पडतं.

मला हे उलटं शिकावं लागलं. "पाणी अडवा, पाणी जिरवा" शाळेच्या भिंतीवर वाचत मी मोठी झाले. कोरडवाहू सोलापुरात थेंबाची किंमत पोरांनाही कळते. इथे थेंब वाटेवर थांबूच द्यायचा नाही. पण उतार ओळखायची नजर तीच, बांध कुठून फुटेल हे अण्णा उभ्या उभ्या सांगतात तीच.

वाटेवरचं पाणी बाहेर काढायला आडवे चर खणतात. माझा पहिला चर अरुंद होता आणि वाटेला अगदी काटकोनात होता. पुढच्या वसंतात गेले तर गाळाने बुजून सपाट. गटप्रमुख बाईंनी तो माझ्याकडूनच पुन्हा करून घेतला: तिरका, फावड्यापेक्षा रुंद, आणि बाहेरचं तोंड सुपासारखं पसरट. पाण्याचा वेग कमी झाला की गाळ तिथेच बसतो, म्हणून तोंड मोकळं हवं आणि पाण्याला पुढे उतार मिळायला हवा. वर्षभरातलं आमचं निम्मं काम म्हणजे अशी बुजलेली तोंडं उघडणं. नवी वाट काढल्याचे फोटो सगळे काढतात, चर साफ केल्याचा कुणी काढत नाही. माझ्या मते वाट जगते ती त्यावरच.

अमेरिकेच्या पूर्वेकडची, जॉर्जिया राज्यापासून मेन राज्यापर्यंतची साधारण ३,५०० किलोमीटरची अपालाचियन ट्रेल ही पायवाटही अशीच टिकली आहे. १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली गेली, १९३७ मध्ये ती सलग झाली, आणि आजही तिची बरीचशी निगा स्वयंसेवकच राखतात.

हे सगळं ऐकून अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्या पाणंदीलाबी तोंड होतं. चिंचेपाशी. तुझे आजोबा दर मिरगाच्या आधी खोऱ्यानं मोकळं करायचे. ते गेल्यापासनं कुणी हात लावला नाही."

मी मे महिन्यात येतेय. दोन खोऱ्यांना नवे दांडे बसवून ठेवा म्हणून सांगितलंय.