देवगड ते लंडन: किती किलोमीटर, किती तास

ताई लंडनला जाऊन सहा वर्षं झाली, पण आईला तिकडे न्यायचं जमलं ते या डिसेंबरात. तिने एकच विचारलं होतं, किती लांब आहे रे? मी सांगितलं मुंबईपासून साधारण ७२०० किमी, विमानाला दहा तास. तर म्हणाली, "मगे आपल्या मुंबैएवढाच झाला मां!"

आणि ते खरंच आहे. आम्ही संध्याकाळी साडेसहाला घर सोडलं, दीड तासात कणकवली, तिथून रात्रीची कोकणकन्या, पहाटे ठाण्याला उतरून मामाकडे अंघोळ-चहा आणि मग एअरपोर्ट, म्हणजे पाचशेच्या आसपास किलोमीटरला अख्खी रात्र आणि वर सकाळ गेली.

विमान दुपारी दोनचं होतं. तिकिटावर लंडनला पोचायची वेळ संध्याकाळी साडेसहा लिहिलेली, ती बघून शेजारच्या काकू म्हणाल्या साडेचार तासांत लंडन? तसं नाही, तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते आणि हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार), त्यामुळे आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे बारा झालेले असतात.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की आपण पश्चिमेला म्हणजे सूर्याच्या मागेच जात असतो, त्यामुळे दुपार लांबत जाते. आईच्या घड्याळात सात वाजून गेले, घरी एव्हाना देवाकडे दिवा लागून तासभर झाला असता, आणि इथे खिडकीत अजून तांबडं. "अजून दिस बुडाक नाय?" असं तिने मला तीनदा विचारलं आणि काच सोडून बाजूला बघायला तयार नव्हती. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

परत येताना मात्र नऊ तासही लागले नाहीत. अंतर तेच, पण इतक्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात तो जास्तच जोरात असतो. जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. समोरच्या स्क्रीनवर जाताना वेग ताशी आठशेच्या घरात दिसत होता, येताना हजाराच्या वर गेला.

आपल्याकडच्यांनी खरा हिशोब ठेवायचा तो मुंबईपर्यंतचा. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, दरडीच्या भीतीने ते बरोबरच आहे, पण दुसऱ्या दिवशी विमान असेल तर जीव टांगणीला लागतो. ताई आता मेअखेरीस येतेय आणि तिचं परतीचं तिकीट जूनच्या मध्यावरचं आहे, म्हणून तिला आत्ताच सांगून ठेवलंय की विमानाच्या आदल्या रात्रीची नको, त्याच्याही आदल्या रात्रीची गाडी पकडू, एक दिवस मामाकडे राहू.