दोन मिनिटांच्या आत

केप एपिकला जाऊन आले म्हटलं की लोक आधी सायकलचंच विचारतात, कोणती होती, फुल सस्पेन्शन का, टायर कुठले. मग ट्रेनिंग किती केलं ते. पार्टनर कोण होता हे सगळ्यात शेवटी, आणि तेही आठवलं तर. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा पाहिजे, कारण ती रेस तुम्ही दोघं मिळून जे काही असता त्याची आहे, एकट्याच्या पायांची नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात 2004 पासून ही माउंटन बाइक रेस होते, केव्हिन व्हर्माक या माणसाने सुरू केली. एक प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीचा छोटा टप्पा, आणि त्यानंतर सात स्टेज, म्हणजे सलग आठ दिवस. रूट दरवर्षी बदलतो पण साधारण 600 ते 700 किलोमीटर आणि 15,000 मीटरच्या आसपास चढाई धरून चाला. टीम दोघांचीच. आणि खरा नियम हा, की दोघांनी कायम एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं. वाटेत टायमिंग पॉइंट असतात, तिथे अंतर जास्त दिसलं की एक तासाची पेनल्टी. शिवाय टीमचा वेळ धरतात तो मागून येणाऱ्याचा. म्हणजे पुढे पळून काही म्हणजे काही मिळत नाही.

माझा पार्टनर म्हणजे माझा मामेभाऊ, दादा. आम्ही मिक्स्ड कॅटेगरीत होतो, म्हणजे एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी. आता दादा उंच, धिप्पाड, सपाटीवर त्याने एकदा लय पकडली की मला त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहायलाही दम लागतो. पण चढ आला की गणित फिरतं, माझं वजन कमी, मी लहान गिअरवर टुकूटुकू चढत राहते आणि तो मागे पडायला लागतो. वाचायला सोपं वाटतं, एक चढावर भारी आणि एक सपाटीवर भारी, बेरीज होईल! तशी बेरीज होत नाही. त्या त्या तासाला दोघांपैकी जो हळू असेल तोच टीमचा स्पीड. मग जोरात असलेल्याने काय करायचं? वारा अंगावर घ्यायचा, गेट उघडून धरायचं, पाण्याच्या पॉइंटला आधी पोचून दोघांच्या बाटल्या भरून ठेवायच्या, आणि चढावर पाठीवर हात ठेवून ढकलायचं. मी दादाला ढकललं म्हटल्यावर लोकांना खरं वाटत नाही, पण अवघड चढावर पाठीवर तळहाताचा थोडासा दाब मिळाला तरी फरक पडतो, आणि पायांपेक्षा जास्त डोक्याला पडतो.

जमिनीबद्दल बोलायलाच हवं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि रेस मार्चमध्ये, म्हणजे कोरड्या उन्हाळ्याच्या शेवटी, त्यामुळे सगळं भुसभुशीत झालेलं, वळणावर बारीक खडीचे थर, मधेच वाळू, जिथे पुढचं चाक आपल्या मनाने कुठेही जातं. डोंगर वालुकाश्माचे, दगड धारदार. आणि दोन्ही बाजूंना फिनबॉस, म्हणजे तिथली ती बुटकी, चिवट झुडपं, जी सिंगलट्रॅकवर, म्हणजे एकच सायकल मावेल अशा पायवाटेवर, नडग्या खरवडत राहतात. संध्याकाळी आंघोळीला गेलं की पाणी लागल्यावर कळतं कुठे कुठे सोलवटलंय ते. पण काय सुंदर आहे तो भाग! एका बाजूला द्राक्षमळे, समोर करडे कडे, आणि सकाळच्या उन्हात पुढे गेलेल्या शेकडो सायकलींची धूळ सोनेरी होऊन हवेत तरंगत असते, मान खाली घालून पेडल मारता मारता सुद्धा बघावंच लागतं.

मधल्या एका स्टेजला प्रचंड ऊन होतं. वारा नाही, सावली नाही, लांबलचक जीप ट्रॅकचा चढ. दादा बोलायचा थांबला. तो एरवी चढावरही बडबड करतो, म्हणजे दमला तरी शिव्या तरी घालतो, त्यामुळे शांतता मला खटकली. मी मागे वळून बघितलं तर त्याचा चेहरा लाल असायला हवा तो फिकट, आणि त्याच्या बाटलीतलं पाणी मागच्या पॉइंटला भरलं होतं तेवढंच, मानेपर्यंत. तो पीतच नव्हता. म्हटलं दादा, बाटली काढ. तर म्हणतो पोटात ढवळतंय, तू हो पुढे. आता पुढे होऊन मी कुठे जाणार होते! मी थांबले, त्याला उतरायला लावलं, आणि प्रत्येक वळणाला दोन घोट असा हिशोब लावून दिला, घोट मीच मोजत होते. पुढच्या पॉइंटला मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि कोक पोटात गेल्यावर तासाभराने मागून आवाज आला, "अगं जरा हळू चालव की." मला इतकं बरं वाटलं ना.

त्या तासाभरात आमच्या ओळखीच्या झालेल्या कितीतरी जोड्या पुढे निघून गेल्या. माझे पाय त्या दिवशी मस्त चालत होते आणि मी पायी पायी सायकल ढकलत होते. वाईट वाटलं का, तर हो, वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी सपाटीवर समोरून जबरदस्त वारा सुटला, माझ्या पायात काही म्हणजे काही उरलं नव्हतं, आणि दादा तास दीड तास एकटा पुढे राहिला, एकदाही कोपर हलवून तू ये पुढे अशी खूण केली नाही. दर थोड्या वेळाने काखेतून मागे बघायचा, मी आहे ना चाकावर, बस. यावर आम्ही नंतरही काही बोललो नाही.

रेस व्हिलेजचं आयुष्य वेगळंच. छोट्या तंबूंच्या रांगा, पहाटे अंधारात शेकडो चेनचा सर्र सर्र आवाज सुरू होतो की उठायलाच लागतं. सायकल धुऊन घेणं, चेनला तेल, बाटल्या घासणं, सॅडलच्या जखमांना क्रीम, उद्याचा रूट बघणं, या सगळ्यात आराम म्हणून फार कमी उरतो. आम्ही वाटण्या करून टाकल्या होत्या, सायकली त्याच्याकडे, खाणं आणि उद्याचं प्लॅनिंग माझ्याकडे. दमलेल्या माणसाला रोज संध्याकाळी कोण काय करणार हे ठरवायला लावू नये, भांडणं तिथेच होतात.

टायरचं एक सांगते. एका उतारावर दगडाने माझ्या मागच्या टायरची साईडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, चिरली, सीलंट फवाऱ्यासारखं उडालं (टायर ट्यूबलेस, भोकं बुजवायला आत हे चिकट द्रव असतं). भोकात रबराचा प्लग घातला, टिकला नाही, दुसरा घातला, तोही नाही. मग ट्यूब. चिरलेल्या जागी आतून एनर्जी जेलचं रिकामं पाकीट घडी करून लावलं म्हणजे ट्यूब बाहेर फुगत नाही. दादा पंप मारत होता आणि मी पाकीट बोटाने दाबून धरलेलं, हात सीलंटने चिकट. दोघं एक शब्द बोललो नाही, गरजच नव्हती, सराव तसा केला होता. टीममेट एकमेकांना सामान, सुटे भाग देऊ शकतात, त्यामुळे कोणाच्या खिशात काय आहे हे दोघांना पाठ पाहिजे.

अगदी वरच्या लेव्हलला सुद्धा हे असंच आहे. कार्ल प्लाट पाच वेळा जिंकला, त्यातल्या तीन वेळा स्टेफान साम त्याच्यासोबत होता. क्रिस्टोफ साऊजरही पाच वेळा जिंकला, 2011 आणि 2012 ला दक्षिण आफ्रिकेच्या बरी स्टँडरसोबत. 2013 च्या जानेवारीत बरी ट्रेनिंगला बाहेर पडला असताना मिनीबस टॅक्सीच्या अपघातात गेला, 25 वर्षांचा होता फक्त. त्याच मार्चमध्ये साऊजर परत स्टार्ट लाइनवर उभा राहिला, यारोस्लाव्ह कुलहावीसोबत, आणि जिंकला. ती आठवडाभराची रेस त्याने कशी काढली असेल हे तिथल्या चढांवर असताना माझ्या मनात बऱ्याचदा आलं.

तर ज्यांना जायचंय त्यांनी आधी माणूस शोधा. तुमच्याइतका फास्ट असण्यापेक्षा, भूक लागल्यावर कसा वागतो, हरवल्यावर कसा वागतो, तुम्ही मागे पडलात तर तोंड कसं करतो हे बघा. दोघांना रेसमधून काय हवंय ते आधीच स्पष्ट बोला, एकाला नंबर हवा आणि दुसऱ्याला फक्त पूर्ण करायची असेल तर दुसऱ्या स्टेजलाच सगळं फिसकटेल. सलग तीन चार दिवस लांब राइड एकत्र करा, शेवटच्या दिवशी मुद्दाम उन्हात, आणि त्या राइडच्या शेवटी दोघांनी मिळून एक टायर उघडून परत बसवून बघा.