तीन नव्व्या

लक्ष्मीपूजन, रात्रीचा दीड

सगळे झोपलेत आणि मला झोप नाही. कारण फालतू आहे, तरी लिहून टाकतो.

पूजा आटोपल्यावर मावशीकडे सतरंजी पसरली. पूर्वी इथे तीन पत्ती चालायची, दादाने चिप्सचा (पैशांऐवजीच्या सोंगट्यांचा) डबा आणल्यापासून टेक्सस होल्डेम, म्हणजे पोकरच: हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, टप्प्याटप्प्याने उलटायची. 500 रुपयांत 2000 चिप्स. माझ्या हातात इस्पिक आणि चौकटच्या नव्व्या. फ्लॉपला, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, बदामची दश्शी, बदामची नव्वी, किलवरची सत्ती. तीन नव्व्या! छातीत धडधडलं, आणि पाठोपाठ पोटात गोळा आला. इतकी लागूनलागून पानं म्हणजे कोणाचंही काहीही जुळू शकतं.

पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, 240. दादाने 100 टाकले, वहिनीने कॉल केलं, म्हणजे तेवढेच टाकले. माझी पाळी.

मुकाट्याने कॉल करावं, दोघांना आत राहू द्यावं, पुढे लुटावं, हा मोह. गेल्या कोजागरीला तीन राजे असाच लपवत बसलो आणि भाच्याने शेवटच्या पानावर फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) लावून सगळं ओढलं. अजून चिडवतो.

म्हणून मोजलं. न दिसलेली पानं 47. गुलाम, अठ्ठी, छक्की मिळून 12, त्यांतलं एकही पडलं की स्ट्रेटची (ओळीने पाच पानांची) भीती. वर फ्लशच्या भीतीची, बदामची आणखी 7. (बदामची सत्ती धरली नाही, तिने माझंच फुल हाउस होतं: तीन नव्व्या, दोन सत्त्या, स्ट्रेट आणि फ्लश दोन्हींच्या वरचं.) म्हणजे निदान 19 पानं अशी, की पडली तर पुढे पैसे टाकायला हात धजावला नसता. आणि गुलाम-अठ्ठी आधीच कोणाकडे असेल तर? मी आत्ताच मागे. पण तेव्हाही उरलेल्या दोन पानांत फुल हाउस किंवा चौथी नव्वी लागायची शक्यता तीनात एक, म्हणजे अगदीच मेलो नव्हतो.

"भाऊजी, चकली खाताय की खेळताय?" वहिनी.

मी वाढवून 500 केले. दादाने लगेच पत्ते फेकले. वहिनीने आपले दोनदा उचलून पाहिले, सुस्कारा सोडला आणि सुलटे टाकले. बदामचा राजा, बदामची चौकी.

पॉटमधले 440 माझे. रुपयांत 110, त्यातले काही माझेच. तीन नव्व्यांचे एवढेच?

दादाला राहवलं नाही, त्याने पुढचं पान उलटलं. चौकटची दुर्री. "बघ, थांबला असतास तर अजून दिले असते हिने!"

पाचव्या पानाकडे त्याचा हात गेला, तेव्हा मी कॅटच ओढून घेतला आणि पिसायला लागलो.