आधी गाणं, मग कागद

आमचं दुकान सुरू झालं ते पाट्या रंगवायचं. बाबा आर्वी तालुक्यातले पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रॉलीमागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणूक आली की गावोगावच्या भिंती. अक्षर असं की लोक पुलगावहून बोलवायला यायचे. फ्लेक्स आलं आणि दोन हंगामांत ते काम गेलं. मी तोवर शहरात एका ॲनिमेशन स्टुडिओत इनबिटवीन काढत होतो, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं. सहा वर्षं फक्त मधली चित्रं काढली. त्या कामाने हात तयार झाला, पण आपलं म्हणावं असं एकही चित्र हाताशी राहिलं नाही. 2012 मध्ये परत आलो आणि बाबांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन लाइटबॉक्स मांडले.

लाइटबॉक्स गावातल्या सुताराने केले: सागाची चौकट, वर दुधी ॲक्रिलिक, खाली एलईडी पट्ट्या. पेगबार मिळेना. कागद ज्यात अडकतो ती पट्टी, मध्ये एक गोल खुंटी आणि दोन्ही बाजूंना एकेक चपटी. ती आर्वीच्या लेथवाल्याकडून करून घेतली. त्याने तीनदा करून दिली, कारण अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी पडद्यावर माणूस थरथरतो. चौथ्यांदा जमली ती अजून वापरात आहे.

पहिली काही वर्षं बाहेरची कामं केली. बियाण्यांच्या जाहिराती, शाळांसाठी छोटे धडे, मोठ्या स्टुडिओंचं उरलेलं काम. एका कंपनीने चार महिन्यांचं काम करून घेतलं आणि शेवटचा हप्ता दिलाच नाही. त्या वर्षी बायकोने तिचं गोफ मोडलं. त्यावर याहून जास्त लिहीत नाही.

काम करणाऱ्या बाया गावातल्याच. सुरुवातीला मला वाटलं होतं, चित्रकलेची परीक्षा दिलेली मुलं शोधावी लागतील. पण ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला रेघ शिकवावी लागत नाही. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता जाणं त्या लहानपणापासून करत आलेल्या. फक्त आधीचा कागद आणि नंतरचा कागद यांच्या मधोमध ‘जाणारी’ रेघ कशी असते, हे समजायला महिना गेला. दिवाळीनंतर मात्र कोणी येत नाही, कारण तेव्हा कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर, आमची कागदावर. दोन्हीचा हिशोब बाया माझ्यापेक्षा लवकर करतात, आणि आमचं वेळापत्रक पऱ्हाटीच्या बोंडावर ठरतं.

आपला स्वतःचा सिनेमा करायचा हे 2019 मध्ये ठरलं. अठरा मिनिटांचा, हाताने काढलेला, आणि अथपासून इतिपर्यंत गाण्यांचा. गोष्ट एवढीच: पोळ्याच्या संध्याकाळी एका मुलीचा बैल हरवतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि ती मुलगी रोज मैत्रिणींसोबत घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरते, प्रत्येक दारात खाऊ ओळखते आणि बैलाचा पत्ता विचारते. कोजागिरीला गोष्ट संपते. गाणी आम्ही नवी लिहिली, वऱ्हाडीत. जुन्या गाण्यांवर गावातल्या म्हाताऱ्यांचा हक्क आहे, ती तशीच राहू दिली.

गाण्यांचा सिनेमा हाताने काढायचा तर आधी गाणं लागतं. चित्र काढून त्यावर गाणं बसवता येत नाही. ओठ कधी उघडायचा, पाऊल कधी टेकायचं, सगळं आवाजावर ठरतं. बोलपट आला तेव्हापासून पडद्याचा वेग सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम, असा पक्का झाला. आम्ही एक चित्र दोन चौकटी ठेवतो, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. अठरा मिनिटांची झाली 12,960. आगकाड्या एकेक सरकवून 1915 मध्ये पडदा हलवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांची आठवण मला हा आकडा लिहिताना नेहमी येते.

गाणी शाळेच्या एका खोलीत रेकॉर्ड केली, रात्री, कुत्री झोपल्यावर. भिंतींना गोधड्या लावल्या. पेटी, ढोलकी, खंजिरी, आणि टिपऱ्या घेऊन नऊ मुली. शहरातून आलेल्या ध्वनिमुद्रकाने मुलींच्या कानात ठेक्याचा आवाज सोडला, म्हणजे लय हलणार नाही. मुली चुकल्या नाहीत, पण पाढे म्हटल्यासारखं गाऊ लागल्या. त्यातली सर्वांत लहान, सहावीतली, हेडफोन काढून म्हणाली, “दादा, हे कानात ठोकून रायलं तं मले आयकूच येत नाही कोन काय म्हनते.” हेडफोन काढले. मग मुली एकमेकींकडे बघत गायल्या, आणि दर कडव्याला थोड्या थोड्या पळू लागल्या. भुलाबाईची गाणी अशीच पळतात. सुरुवातीला मिनिटाला नव्वद टिपऱ्या, शेवटच्या कडव्यात एकशेवीस. ध्वनिमुद्रक म्हणाला, संगणकावर लय सरळ करून देतो. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी नको म्हणालो. ती पळापळच आम्हाला हवी होती.

तो निर्णय महागात पडला. नव्वदच्या लयीत एका टिपरीला 16 चौकटी येतात, एकशेवीसच्या लयीत 12. लय सरळ असती तर एकदा मोजून सगळीकडे तेच लावता आलं असतं. आमच्याकडे प्रत्येक ठोका वेगळा, एका गाण्यात साडेतीनशेहून अधिक. बायको आणि मी आवाजाची रेघ संगणकावर बघून एकेक ठोका मोजायचो आणि एक्स्पोजर शीटवर, म्हणजे कोणतं चित्र किती चौकटी ठेवायचं त्या तक्त्यावर, पेन्सिलने लिहायचो: 16, 16, 15, 16, 15, 14. पंधराला दोनने भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीन चौकटी ठेवायचं. ते कुठे ठेवायचं हे ठरवायला पुन्हा गाणं ऐकायचं. टिपरीला टिपरी लागते त्या चित्रावर ठेवलं तर आवाजाला वजन येतं. शिवाय चित्रातली टिपरी आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी लागावी लागते, तरच डोळ्याला बरोबर वाटतं. पहिलं गाणं मोजायलाच सात आठवडे गेले.

बैल गवळाऊ काढला, कारण आमच्या भागाची जात तीच. पांढरा बैल कागदावर म्हणजे नुसती रेघ. वशिंडाचं वजन, मानेखालची पोळी, सगळं रेघेनेच दाखवायचं. मी चालीचा अभ्यास पुस्तकांतून केला होता आणि बैल बसल्या जागेवरून उठतो ते पाच सेकंदांचं दृश्य मोठ्या प्रेमाने काढलं होतं. शेजारचे काकाजी लाइन टेस्ट, म्हणजे नुसत्या रेघांची चित्रं चालवून बघतात ती, बघायला आले. एकदा बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “बापू, हा तं घोडा उठून रायला. बैल मांगून उठते. आंगूदर मांगचे पाय, मंग गुडघ्यावरून पुढचा.” मला गोठ्यात घेऊन गेले आणि त्यांच्या बैलाला तीनदा उठवून दाखवलं. मागचा भाग आधी वर जातो, क्षणभर बैल पुढच्या गुडघ्यांवर टेकलेला राहतो आणि मग एकेक पुढचा पाय उचलतो. त्या क्षणभराला आम्ही सहा चौकटी दिल्या. साठ कागद परत काढले. आता सिनेमात मला सर्वांत आवडतं दृश्य तेच आहे.

2021 च्या मे महिन्यात घात झाला. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घामाने कागद हाताला चिकटू लागला, म्हणून कूलर लावला. कूलरच्या ओल्या हवेने कागद फुगला, पंच केलेली भोकं ढिली झाली. स्कॅन केल्यावर दिसलं की मुलीचं डोकं मानेवर हलतंय. दोन आठवड्यांचं काम बाद. तेव्हापासून उन्हाळ्यात काम पहाटे पाचला सुरू होतं आणि अकराला बंद. मनगटाखाली प्रत्येकीचा दुपट्टा, कूलर शेजारच्या खोलीत.

चार वर्षं लागली. तोवर सहावीतली ती मुलगी दहावीत गेली आणि तिचा आवाज बदलला. शेवटच्या गाण्यातला एक शब्द ती चुकली होती, ‘वाडा’ ऐवजी ‘गाडा’ म्हणाली होती. पुन्हा गाऊन घ्यावं तर तो आवाज आता तिच्याकडेही नव्हता. मग वाड्याचं दार पुसून आम्ही तिथे गाडा काढला.

2023 च्या कोजागिरीला शाळेच्या पटांगणात पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवला. ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात भुलाबाई बसलेली, बाजूला दुधाचं पातेलं. पहिलं गाणं सुरू झालं तशा समोर बसलेल्या लहान मुलींनी टिपऱ्या काढल्या. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत होतो. तिसऱ्या कडव्यात, जिथे शीटवर आम्ही 14 लिहिलं होतं, तिथे त्याही पळू लागल्या.