मानेवर बसून काढलेली बारा मिनिटं

परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात म्हैस पाडायला शिकलो होतो. युगांडातल्या मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात त्याचा उपयोग एवढाच झाला, की दोरी हातात घेताना हात थरथरले नाहीत.

नाइलच्या उत्तर काठावर ताडांचा माळ आहे. तिथे एक जिराफ मादी मागचा डावा पाय टेकत नव्हती. दुर्बिणीतून पाहिलं तर खुराच्या वर तार रुतलेली, जुन्या टायरमधून काढलेली. फास लावणाऱ्याला हवं असतं कॉब हरीण, नाहीतर रानडुक्कर. जिराफाच्या मांसाशी त्याला बहुतेकदा घेणंदेणं नसतं. जिराफ चालता चालता पाय घालतो, हिसका देतो, तार तुटते आणि फास पायातच राहतो. मग दर पावलाला आवळत जातो.

इतर जनावरांना भूल देऊन निवांत काम करता येतं. जिराफाला ते झेपत नाही. एवढ्या उंच डोक्यापर्यंत रक्त चढवायचं म्हणून त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळपास दुप्पट असतो; भूल लांबली की श्वास आणि रक्तदाब दोन्ही कोलमडतात. म्हणून एटॉर्फिन या भुलीच्या औषधाचा डोस मुद्दाम वाढवून देतात. झोकांड्या खायला लागली की दोरीने अडवून पाडायचं आणि पडल्या पडल्या शिरेत उतारा टोचायचा. म्हणजे पुढचं सगळं काम चक्क जाग्या जिराफावर! उठण्यासाठी त्याला आधी मान झोकावी लागते, म्हणून मानेवर माणसं बसवायची.

त्यातला एक मी. डोळ्यांवर टॉवेल, कानांत मोजे. मांडीखाली तिच्या श्वासनलिकेतली हवा जाता-येता कळत होती. शेजारचा रेंजर पुटपुटत होता, "पोले पोले". स्वाहिलीत त्याचा अर्थ हळूहळू. तिला सांगत होता की मला, कोण जाणे.

मागे डॉक्टर तार कापत होते. सोबतचा पोरगा फॉर्म भरत होता. उपजातीच्या रकान्यात छापलेलं 'रोथशिल्ड' खोडून त्याने हाताने 'नूबियन' लिहिलं. मी मानेवरूनच विचारलं, हे काय?

"जनुकं तपासली, तर आमचा रोथशिल्ड नूबियनच निघाला," डॉक्टर वर न बघता म्हणाले.

तेव्हा मला ही कारकुनी वाटली. पुढे २०२५च्या ऑगस्टमध्ये निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना असलेल्या आययूसीएनने जिराफाच्या चार स्वतंत्र प्रजाती मान्य केल्या: उत्तरी, जाळीदार, मसाई आणि दक्षिणी. सगळे एकत्र मोजले तर आकडा १ लाख ४० हजारांच्या आसपास जातो आणि बरं वाटतं. वेगळे मोजले की उत्तरी उरतात जेमतेम ७ हजार. नूबियन ही त्यांचीच उपजाती, आणि तिची सर्वांत मोठी वस्ती हाच माळ. सगळे एकाच काठावर नकोत, म्हणून २०१६मध्ये इथले १८ जिराफ फेरीबोटीत चढवून नाइलपार, दक्षिणेला नेले होते. एका पायातल्या तारेसाठी एवढी माणसं का राबतात, ते हे आकडे पाहिल्यावर मला नीट उमगलं.

तार निघाली. जखमेत पू होता, पण हाड शाबूत. औषध भरलं, टॉवेल ओढला आणि डॉक्टरांच्या इशाऱ्यासरशी आम्ही सगळे बाजूला पळालो. तिने मान एकदा झोकली, जमलं नाही. दुसऱ्यांदा झोकली आणि उभी राहिली. गुडघ्यांखाली ठिपके नसलेले तिचे पांढरे पाय झुडपांआड जाईपर्यंत कोणी बोललं नाही.

डोकं झटकताना कानांतले मोजे गवतात पडले होते. ते रेंजरचे होते. त्याने उचलून झटकले आणि परत पायात घातले.